माझं, पण कशामुळे?

शंकेखोर: नवी भाषा रचायला बसलेला माणूस मालकीपाशी आला की त्याचा हात सैल सुटतो. जन्मानं मिळालेलं वेगळं, विकत घेतलेलं वेगळं, उसनं आणलेलं वेगळं, अंगभूत वेगळं, आणि प्रत्येकाला एकेक प्रत्यय. मला यातलं काहीच गरजेचं वाटत नाही. झामेनहॉफनं १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो या रचलेल्या भाषेचं पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा 'दे' हा एक लहानसा शब्द, 'माझा'साठी 'मिया' आणि 'जवळ असणं' या अर्थाचं 'हावी' हे क्रियापद एवढ्यावर त्यानं भागवलं. शंभराहून जास्त वर्षं लोक तिच्यात पत्रं लिहिताहेत, भांडताहेत, संसारही करताहेत. आपला 'चा' तर त्याहून काटकसरी. 'शेजाऱ्यांची पेणची शाडूची गणपतीची मूर्ती' असं म्हणून बघा. चार वेळा 'ची' आली. पहिलीत मालक आहे, दुसरीत गाव, तिसरीत माती आणि चौथीत ज्याची मूर्ती तो देव. ऐकणारा कुठं अडखळला का? 'माझी बस चुकली' म्हणणाऱ्याकडे कुणी बसची कागदपत्रं मागत नाही. पाणिनीनं षष्ठीला कारकांत बसवलंच नाही. बाकीच्या विभक्तींनी आपापलं काम उचलल्यावर जे संबंध उरतात ते तिच्या पदरात टाकले. पतंजलीनं तिचे अर्थ शंभराच्या वर मोजले आणि तो आकडाही हट्टानं धरला नाही. अर्थ शेकडो आणि विभक्ती एक, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चाललाय. तो मोडायचं कारण काय?

हौशी: तुमच्या चार 'ची'मध्ये मालकी एकीतच आहे, पहिल्या. उरलेल्या तिघींबद्दल माझी तक्रार नाही. मी पहिलीवरच थांबते. मूर्ती शेजाऱ्यांची म्हणजे नेमकं काय? त्यांनी पैसे मोजून आणलेली, कुणी भेट दिलेली, की वाटणीत त्यांच्याकडे आलेल्या घराण्याच्या गणपतीची? 'ची' यातलं काही सांगत नाही, आणि सांगितलं नाही हे आपल्या लक्षातही येत नाही. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांपैकी एक होत्या सुझेट हेडन एल्गिन. अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखिका. १९८२ साली त्यांनी लाआदान नावाची भाषा रचायला घेतली आणि १९८४च्या 'नेटिव्ह टंग' या कादंबरीच्या जगात ती आणली. त्यांचा प्रश्न असा होता, की बायकांना जे म्हणायचं असतं त्यासाठी चालू भाषांत सोय नसेल, तर सोय असलेली भाषा हातात दिल्यावर काय होईल? मालकीला त्यांनी वेगवेगळे प्रत्यय दिले. 'ले' म्हणजे मी. 'लेथा' म्हणजे जन्मानं माझं. 'लेथी' म्हणजे नशिबानं, योगायोगानं माझं. 'लेथो' म्हणजे इतर मार्गांनी, म्हणजे खरेदीनं, भेटीनं, कायद्यानं, रूढीनं माझं. 'लेथे' म्हणजे माझं आहे, पण का ते ठाऊक नाही किंवा मी ते कबूल करत नाही. आणि 'माणसांचा घोळका' यासारख्या ठिकाणी, जिथं 'चा' आहे पण मालकी नाही, तिथं 'थू' हा पाचवा. म्हणजे तुमची हरकत त्यांनी आधीच ऐकून ठेवली होती. नुसता संबंध त्यांनी बाजूला काढला आणि मालकीला मात्र विचारलं, तू कुठून आलीस?

शंकेखोर: यादी ऐकायला गोड आहे, पण जरा हातात घेऊन बघा. खरेदी, भेट, कायदा आणि रूढी हे चारही एकाच 'थो'मध्ये कोंबलेत. बायकांसाठी रचलेल्या भाषेत? आपल्याकडच्या कुठल्याही घरात बाईच्या अंगावरच्या सोन्याबद्दल वाद झाला तर तो नेमका याच चौघांमधला असतो. पाटल्या माहेरून आल्या की सासरी घातल्या? भेट म्हणून दिल्या की रीत म्हणून? स्त्रीधन म्हणून तिच्या एकटीच्या की घरच्या? जिथं भांडण पेटतं तिथं भाषा गप्प, आणि नशिबाला मात्र स्वतंत्र प्रत्यय! आपल्या धर्मशास्त्रकारांनी हे काम जास्त नेटकं केलं होतं. गौतमधर्मसूत्रात स्वामित्वाचे मार्ग सांगितलेत ते रिक्थ, क्रय, संविभाग, परिग्रह आणि अधिगम. म्हणजे वारसा, खरेदी, वाटणी, बेवारस वस्तू ताब्यात घेणं आणि सापडणं. शिवाय वर्णागणिक दान, जिंकणं आणि श्रम. एल्गिनबाईंची 'थी' फार तर यातल्या अधिगमाच्या जवळ जाते. आता सांगा, या दोन याद्यांपैकी बरोबर कुठली? एक जण नऊ प्रत्यय मागेल, दुसरा तीनांत भागवेल. मालकीचे प्रकार जगात आखून ठेवलेले नाहीत. रचणारा जिथं सुरी ठेवतो तिथं कापलं जातं, आणि मग तो काप म्हणजे व्याकरण असं आपण म्हणायला लागतो.

हौशी: सुरी कुठंतरी ठेवावीच लागते. ती कुठं ठेवली यावरून रचणाऱ्याला काय दिसलं ते कळतं. गौतमाची यादी निवाड्यासाठी आहे, लाआदानची बोलण्यासाठी. एल्गिनबाईंनी पहिला काप जन्म आणि बाकीचं सगळं यांच्यामध्ये घातला, आणि तो वरवरचा नाही. आपल्याच शेताचं घ्या. वडिलोपार्जित जमीन. विज्ञानेश्वरानं मिताक्षरेत सांगितलं की मुलाचा तिच्यावर हक्क जन्मतःच उभा राहतो. बंगालात जीमूतवाहनानं दायभागात सांगितलं की बाप जिवंत आहे तोवर मुलाचं काही नाही, बाप गेल्यावर मिळतं. तेव्हा कोल्हापूरच्या मुलानं त्या शेताला 'लेथा' म्हणावं आणि बर्दवानच्या मुलानं 'लेथो'. शेत तसंच, पिकणारं धान्य तसंच, प्रत्यय वेगळा. आता मुलीचं बघा. हिंदू एकत्र कुटुंबाच्या जमिनीबद्दल कोल्हापूरच्या मुलीला 'लेथा' म्हणायची सोयच नव्हती. १९९४ साली महाराष्ट्रानं कायदा बदलला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्कही जन्मानंच येतो, २००५मध्ये बाप हयात होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. लाआदानमध्ये हा सगळा प्रवास एका स्वराचा आहे. 'थो'चा 'था' झाला. मराठीत ती तेव्हाही 'आमचं शेत' म्हणत होती आणि आजही 'आमचं शेत'च म्हणते. एवढं मोठं स्थित्यंतर आपल्या षष्ठीच्या कानावरसुद्धा गेलं नाही.

शंकेखोर: गेलं नाही हे बरंच झालं, असं म्हणायची माझी तयारी आहे. तिला विचारायचं असतं, 'आमच्या शेतावर पाऊस झाला का?' एवढ्याशा वाक्यात तिनं विज्ञानेश्वराची बाजू घ्यायची की जीमूतवाहनाची, हे आधी ठरवायचं? भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसननं १९५९च्या एका निबंधात मुद्दा मांडला होता, की भाषांमधला खरा फरक त्यांच्यात काय सांगता येतं यात नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. मराठीत जन्मानं माझं, विकत घेतलेलं माझं, हे सगळं सांगता येतं. हवं तेव्हा चार शब्द जास्त खर्च करायचे. लाआदानमध्ये ते सांगावं लागतं, फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. दत्तक मूल घेतलेल्या आईचा विचार करा. शाळेच्या फाटकाशी ती म्हणते, 'माझी मुलगी दुसरीत आहे.' इथं वाक्य पुरं झालं. लाआदानमध्ये तिला 'लेथा' म्हणून खोटं बोलावं लागेल किंवा 'लेथो' म्हणून चारचौघांत मुलीचा इतिहास उघडा करावा लागेल. तेही रोज, दर वाक्यात. असल्या चौकशा करणारे शेजारी आपल्याला नको असतात. तुम्ही तो शेजारी व्याकरणातच आणून बसवलात.

हौशी: म्हणूनच 'लेथे' ठेवलाय. का ते ठाऊक नाही किंवा कबूल करत नाही, हे दोन्ही अर्थ एल्गिनबाईंनी मुद्दाम एकाच प्रत्ययात ठेवले. त्या आईनं 'लेथे' म्हणावं. आणि चौकशी करणारं व्याकरण फक्त लाआदानचंच, हे मला मान्य नाही. 'मला दोन मुलं आहेत' आणि 'माझ्याकडे दोन मुलं आहेत' ही दोन वाक्यं म्हणून बघा. दुसऱ्या वाक्यावर समोरचा लगेच विचारतो, 'कुणाची?' 'मला भाऊ आहे' होतं, पण 'मला गाडी आहे' कानाला खटकतं. गाडी 'माझ्याकडे' असते. कंडक्टरला आपण 'माझ्याजवळ सुटे नाहीत' म्हणतो, घर असो नसो 'माझ्याजवळ घर आहे' म्हणत नाही. धीर 'अंगी' असतो. खोलीला खिडक्या असतात, खोलीकडे नसतात. तीन-चार वर्षांचं मराठी पोर ही वर्गवारी बिनचूक करतं आणि कुणी त्याला चौकशी म्हणत नाही. हवाईच्या भाषेत मालकीचे दोन गट आहेत. आपलं मूल आणि नवराबायको एका गटात, आईबाप, घर आणि होडी दुसऱ्या गटात. मार्क ओक्रँडनं 'स्टार ट्रेक'साठी क्लिंगॉन भाषा रचली, तिचा शब्दकोश १९८५मध्ये आला. त्यात बोलू शकणाऱ्या जीवांना 'माझा'चा एक प्रत्यय आणि बाकी सगळ्याला दुसरा. 'माझे सरकार' म्हणताना वस्तूंचा प्रत्यय लावलात तर व्याकरण चुकत नाही, पण अपमान होतो. निव्वळ, रंगहीन मालकी कुठल्या भाषेत आहे ते दाखवा.

शंकेखोर: तुमची उदाहरणं खरी आहेत, पण ती तुमच्या बाजूची नाहीत. मराठी विचारते, ही वस्तू तुझ्याशी आत्ता कशी आहे? रक्ताची आहे, ताब्यात आहे, खिशात आहे की स्वभावात आहे? क्लिंगॉन विचारते, ती कोण आहे? हवाईच्या भाषेचे गट मुख्यतः हे बघतात की नातं तू जुळवलंस की तू त्यात आलास. ती आई 'मला एक मुलगी आहे' म्हणते तेव्हा तिला खोटं बोलावं लागत नाही, कारण आत्ताचं नातं तेच आहे. लाआदान मात्र मागं जाऊन पुरावा मागते. लाआदानचा स्वभावच तो आहे. तिच्यात वाक्याच्या शेवटीसुद्धा एक शब्द येतो, हे मी स्वतः पाहिलं, विश्वासातल्या माणसाकडून ऐकलं, की कल्पनेनं म्हणतोय. बोलणं म्हणजे साक्ष, अशी तिची धारणा आहे. मग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात 'लेथे'चं काय होतं? सगळेच 'लेथे' म्हणायला लागले तर बाकीचे प्रत्यय शोभेचे. थोडेच म्हणाले तर 'लेथे' म्हणणं म्हणजेच कबुली. शाळेच्या फाटकाशी बाकीच्या आया 'लेथा' म्हणताहेत आणि एकटी ती 'लेथे' म्हणते, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. जिथं प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं तिथं उत्तर न देणं हेच मोठ्यानं बोलणं होतं. या बाबतीत लोजबान ही रचलेली भाषा शहाणी आहे. तिच्यात 'पे' म्हणजे कसलाही सैलसा संबंध. खास माझं असेल तर 'पो', आणि हात-पायांसारखं माझ्यापासून तोडताच न येणारं असेल तर 'पोहे'. पण बोलणाऱ्याला नको असेल तर तो 'पे'वर थांबतो आणि त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

हौशी: वळून बघत नाही, कारण सगळेच 'पे'वर थांबतात. ऐच्छिक भेद भांडणाच्या वेळीच बाहेर येतो, एरवी कोठीत पडून राहतो. तरी तुमचा एक मुद्दा मी घेते. प्रत्यय किती, यापेक्षा प्रत्यय कुठला प्रश्न विचारतो हे जास्त महत्त्वाचं आहे. टोल्किननं आपल्या क्वेन्या भाषेत षष्ठीच्या जागी दोन प्रत्यय ठेवले. ओरोमे हा त्याच्या कथांतला देवासारखा शिकारी. त्याचं शिंग त्याच्याजवळच असेल तर 'रोमा ओरोमेवा'. त्याच्याकडून निघून दुसऱ्याकडे आलेलं असेल तर 'रोमा ओरोमेओ'. आणि देशाचा राजा म्हणताना 'वा' चालत नाही, 'ओ' लागतो, कारण राजा देशाच्या मालकीचा नसतो. इथं सक्ती आहे, पण पंचनामा नाही. वस्तू मालकाच्या हातात आहे की हातून निघालेली आहे, एवढंच विचारलंय. जॉन किहादानं आपण रचलेल्या इथकुइल भाषेत नुसतं ताब्यात असणं, मालकीनं असणं, अंगभूत असणं आणि स्वतः निर्माण केलेलं असणं यांना वेगवेगळ्या विभक्ती दिल्या. शिक्षकांचं पुस्तक म्हणजे त्यांच्या टेबलावरचं, त्यांनी घेतलेलं की त्यांनी लिहिलेलं, हा घोळ तिथं उरत नाही. कुणाचं गुपितही फुटत नाही. तेव्हा तुम्ही सक्तीवर रागावलात असं मला वाटत नाही. तुमचा राग 'कशामुळे' या प्रश्नावर आहे.

शंकेखोर: 'कशामुळे'ला जागा असावी, पण ती वेगळी. आपल्या महसुली दप्तरात ती आहेच. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव असतं. ते नाव तिथं कसं आलं, खरेदीनं, वारसानं, वाटणीनं की बक्षीसपत्रानं, हे फेरफारात असतं. सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा नुसता क्रमांक. ज्याला गरज पडेल तो फेरफार काढतो, बाकीच्यांचा व्यवहार नावावर चालतो. षष्ठी म्हणजे भाषेचा सातबारा. लाआदान प्रत्येक वाक्याला सगळा फेरफार जोडायला लावते. आणि लोकांचा कौलही बघा. एल्गिनबाईंनी आपल्या प्रयोगाला दहा वर्षांची मुदत दिली होती. बायका ही भाषा उचलतील किंवा हिच्याहून चांगली रचतील, असं त्यांना वाटलं होतं. दोन्ही झालं नाही, आणि त्याच काळात क्लिंगॉन मात्र फोफावली, हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय. एस्पेरांतो जन्मापासून बोलणारी माणसं आहेत. लाआदान शिकलेला जो कोणी तिला 'माझी भाषा' म्हणेल, त्याला 'थो' लावूनच म्हणावं लागेल.

हौशी: क्लिंगॉनच्या मागं चित्रपट होते, लाआदानच्या मागं नुसत्या कादंबऱ्या. त्यातून प्रत्ययांचा निकाल लागत नाही, आणि हे तुम्हालाही ठाऊक आहे. सातबाऱ्याचं मात्र तुम्ही नेमकं काढलंत, कारण माझं म्हणणं तिथंच आहे. फेरफार कुणाकडे मागतात? नांदत्या घरातल्या थोरल्या मुलाला कुणी विचारत नाही, 'हे घर तुझं कशामुळे?' विधवा सुनेला विचारतात. हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलेल्या बहिणीला विचारतात. कुळाला विचारतात. तुमची ती गप्प षष्ठी सगळ्यांना सारखी गप्प राहू देत नाही. ज्याचा ताबा पक्का आहे त्याचं 'माझं' विनाचौकशी चालतं. ज्याचा हक्क कच्चा समजला जातो त्याच्या 'माझं'पुढं लगेच 'कसं काय?' उभं राहतं. लाआदान निदान हा प्रश्न सगळ्यांना विचारते. थोरल्या मुलालाही वाक्यागणिक म्हणावं लागतं, की जन्मानं माझं, मी यासाठी काही केलेलं नाही. सक्ती सरसकट असली तर तिच्यात एक न्याय आहे. दत्तक मुलीच्या आईवर ओझं येतं हे खरं. पण आज ते ओझं नाहीसं झालेलं नाही, कुणाच्या तरी पाठीवर आधीच आहे.

शंकेखोर: सरसकट प्रश्न विचारला म्हणून उत्तरांची किंमत सरसकट होत नाही. थोरला मुलगा खुशाल 'लेथे' म्हणेल. कबूल करत नाही, काय करायचं ते करा. आणि लोक मान डोलावतील, कारण ताबा त्याचाच आहे. सून 'लेथे' म्हणाली तर म्हणतील, बघा, हिलाच सांगता येत नाही. मोघम बोलणं बलवानाला फुकट असतं, दुबळ्याला महाग पडतं. तुमच्या रचनेत पळवाट प्रत्येकासाठी आहे, पण तिच्यातून सुखरूप बाहेर पडणारा ठरलेला आहे. त्यापेक्षा 'लेथे' हेच मूळ रूप करा. काहीच न जोडलं तर 'का ते सांगत नाही' असा अर्थ. मग सून आणि मुलगा दोघं सारखेच मोघम.

हौशी: तसं केलं तर मी फिरून मराठीच्या 'चा'पाशी आले. तिथं दोघं सारखे मोघम नाहीत, हे आपण आत्ताच पाहिलं. तुम्हाला प्रश्न विचारणारं व्याकरण नको, कारण उत्तर देताना दुबळा उघडा पडतो. मला ते हवंय, कारण प्रश्न नसला की बलवान झाकला जातो. दोन्ही गोष्टी एकाच प्रत्ययानं साधतील अशी रचना मला अजून सुचलेली नाही.

शंकेखोर: मलाही नाही. पण निदान रचणाऱ्यापुढचा सवाल आता बदललाय. मालकीचे प्रकार किती मानायचे, हे त्यानं सावकाश ठरवावं. आपल्या भाषेत 'सांगत नाही' म्हणण्याची किंमत कुणाला मोजावी लागेल, हे त्यानं आधी तपासावं.

हौशी: आणि ती किंमत व्याकरण ठरवतं की गाव, हेही. गावच ठरवत असेल तर तुमचा 'चा' आणि माझा 'थे' दोघंही त्या बाबतीत सारखेच हतबल आहेत. तरीसुद्धा मी 'थे' ठेवीन. निदान तो उच्चारताना बोलणाऱ्याला कळेल की आपण काहीतरी सांगायचं टाळलं.